हालार, नैरोबी, लेस्टर : एका जैन समाजाच्या चार पिढ्यांचे स्थलांतर

(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्या. ज्यांनी ट्रस्टची पहिली वीट रचली, त्यांची काही नातवंडे या सभागृहात बसलेली आहेत आणि काही बसलेली नाहीत. ती पुण्यात आहेत, बंगळुरूत आहेत, न्यू जर्सीत आणि सिंगापुरात आहेत. सुवर्ण महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचा जमाखर्च मांडण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. तथापि जमाखर्चाच्या वहीत न येणारा एक प्रश्न अशा वेळी प्रत्येक घरात असतो. घर सोडून दूरदेशी गेलेल्या माणसाच्या तिसऱ्या पिढीच्या हाती काय उरते? या प्रश्नाचे उत्तर तर्काने देत बसण्यापेक्षा ज्या समाजाने हा अनुभव सव्वाशे वर्षे घेतला आहे, त्याच्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे. तो समाज म्हणजे सौराष्ट्रातील हालारी विसा ओसवाल.

या समाजाच्या नावातच प्रवास आहे. ओसवाल हे नाव राजस्थानात जोधपूरजवळ असलेल्या ओसियां या गावावरून आले. परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज तेथून निघून पिढ्यानपिढ्या सरकत कच्छात आले. सोळाव्या शतकात जाम रावळ याने कच्छ सोडून नवानगर, म्हणजेच आजचे जामनगर, वसवले. त्या सुमारास हे लोकही हालार प्रांतात उतरले आणि जामनगरच्या परिसरातील बावन्न गावांत स्थिरावले. 'बावन्न गाव' हीच त्यांची पुढे ओळख झाली. परदेशात जन्मलेल्या नातवालाही ज्येष्ठ मंडळी आजवर पहिला प्रश्न विचारतात तो हाच : कोणत्या गावचा?

या बावन्न गावांतील ओसवाल व्यापारी नव्हते, शेतकरी होते. जैन म्हटला की दुकान, असे समीकरण ज्यांच्या मनात बसलेले आहे त्यांना याचे नवल वाटेल. सांगली-कोल्हापूरकडील चतुर्थ जैनांच्या घरी नांगर पाहिलेल्यांना मात्र वाटणार नाही. पावसावर अवलंबून असलेली जमीन, कोरडा प्रदेश आणि वाढते कुटुंब, अशी त्यांची स्थिती होती. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० मध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याला गुजराती लोक 'छप्पनियो' म्हणतात. गुरे मेली, विहिरी आटल्या, धान्य मिळेना. हालारातील तरुण समुद्राकडे पाहू लागले ते या काळात.

समुद्राच्या पलीकडे त्याच वेळी इंग्रज सरकार मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधीत होते. १८९६ मध्ये सुरू झालेले हे काम १९०१ च्या अखेरीस सरोवराच्या काठी पोहोचले. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर नेण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ २,५०० मरण पावले आणि सुमारे ६,७०० तेथेच राहिले. पूर्व आफ्रिकेतील सगळे हिंदी लोक या मजुरांचे वंशज आहेत, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. मजूर बहुतांशी पंजाबातून गेलेले होते. हालारी ओसवाल गेले ते रेल्वेच्या मागोमाग, स्वखर्चाने, किंवा बहुधा कोणाच्या तरी उसनवारीवर. प्रथम एकटा माणूस जाई आणि एखाद्या दुकानात पडेल ते काम करी. चार पैसे साठले की धाकट्या भावाला बोलावी, मग मेहुण्याला, मग गावातील कोणाच्या तरी मुलाला. पत्नीला आणण्यास कित्येक वर्षे लागत. मागे राहिलेल्या त्या स्त्रियांनी शेत, सासूसासरे आणि मुले सांभाळली. समाजाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख ओझरताच येतो. ज्या पैशाने आफ्रिकेतील पहिली दुकाने उभी राहिली, त्यामागे या स्त्रियांचे कष्ट होते, हे खरे तर आधी नोंदवायला हवे.

शेतकऱ्याचा मुलगा परदेशात जाऊन दुकानदार का झाला, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. केनियातील उंच पठारावरची सुपीक, थंड हवेची जमीन इंग्रज सरकारने गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवली होती आणि हिंदी माणसाला ती विकत घेण्यास मज्जाव होता. शेती येत होती, जमीन समोर दिसत होती, पण घेता येत नव्हती. उरले दुकान. स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात. तो शब्द आणि मराठीतील 'दुकान' हे एकाच अरबी घराण्यातले. मीठ, साखर, कापड, रॉकेल, काडेपेट्या विकणारा हा 'दुकावाला' रेल्वेच्या स्थानकांपासून आत, जेथे गाडीवाटही नीट नव्हती तेथवर जाऊन बसला. १९२० पर्यंत त्या देशात रुपयाच चालत असे, त्यामुळे हिशेब ओळखीचा होता. बाकी सर्व अनोळखी.

पुढची दोन पिढ्यांची हकीगत उत्कर्षाची आहे आणि ती सर्वांच्या तोंडी असल्याने थोडक्यात सांगितली तरी चालेल. दुकानांतून घाऊक व्यापार झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर त्यातून कारखाने झाले. नैरोबी, मोंबासा, थिका ही नावे हालारातील घराघरांत गावच्या नावांसारखी बोलली जाऊ लागली. जामनगरजवळच्या डबासंग येथे १९०४ मध्ये जन्मलेले मेघजी पेथराज शाह तरुण वयात केनियास गेले, मोठे उद्योजक झाले आणि १९६४ मध्ये निवर्तले. जामनगरचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नैरोबीतील रुग्णालय ही दोन्ही त्यांच्या नावाने ओळखली जातात. मिळवलेले धन जन्मभूमीला आणि कर्मभूमीलाही द्यावे, ही त्या पिढीची वृत्ती या दोन नावांत दिसते.

मुख्य विषय मात्र धनाचा नाही. नैरोबीत दोन पिढ्या राहूनही या समाजाने गुजराती भाषा, शाकाहार, पर्युषण, जातीतील विवाह हे सर्व जवळजवळ जसेच्या तसे राखले. स्मरणिकांतून आणि सत्कार समारंभांतून याचे श्रेय समाजाच्या धर्मनिष्ठेला दिले जाते. ते निम्मेच खरे आहे. वसाहतीच्या राज्यात गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, आशियाई लोकांच्या वेगळ्या, आफ्रिकनांच्या वेगळ्या. वस्त्या वेगळ्या, दवाखाने वेगळे. कोणी कोणात मिसळावे अशी त्या राज्याची रचनाच नव्हती. भिंत सरकारने बांधली आणि तिच्या आत समाजाने आपले घर सजवले. महाजनवाडी, वसतिगृह, पाठशाळा, ज्ञातीच्या निवडणुका, ओटीवरच्या गप्पा हे सर्व त्या भिंतीच्या आडोशाने टिकले. आफ्रिकन माणसाशी संबंध आला तो नोकर आणि गिऱ्हाईक म्हणूनच, आणि बरोबरीच्या नात्याचा अभाव हे त्या काळाचे मोठे वैगुण्य होय. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने शेजाऱ्याची बाजू जाणून घेण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. याची किंमत पुढे द्यावी लागली.

एक उणीव मात्र भिंतीच्या आतही जाणवत होती. साधू-साध्वी नव्हते. पादविहाराचे व्रत घेतलेल्या मुनींना समुद्र ओलांडता येत नाही. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे आमंत्रण आचार्य आत्मारामजींना आले तेव्हाही ते स्वतः जाऊ शकले नाहीत. त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या गृहस्थाला पाठवले. चतुर्विध संघातील दोन अंगे परदेशात जन्मतःच नसतात. गावात चातुर्मास म्हणजे प्रवचन, शंका-समाधान आणि तपाची प्रेरणा. नैरोबीत चातुर्मास म्हणजे पंचांगातील चार महिने. धर्म घरातील वृद्ध स्त्रीच्या हाती राहिला. ती सामायिक करी, सूर्यास्तापूर्वी जेवे, पाणी गाळी, आठम-चौदस पाळी. ती धर्म करून दाखवी. समजावून सांगण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, कारण तिच्या गावी 'का' असे कोणी विचारलेच नव्हते.

१९६३ मध्ये मोंबासा येथे पार्श्वनाथ भगवंतांचे शिखरबंदी देरासर प्रतिष्ठित झाले. भारताबाहेरील पहिले शिखरबंदी देरासर म्हणून ते ओळखले जाते. त्याच वर्षाच्या १२ डिसेंबरला केनिया स्वतंत्र झाला. वर्षाचा हा योगायोग बोलका आहे. दगडाचे शिखर उभारणारा समाज उठून जाण्याच्या विचारात नसतो.

स्वातंत्र्यानंतर नव्या सरकारने आशियाई लोकांना नागरिकत्वाचा अर्ज करण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. १९६२ च्या जनगणनेप्रमाणे केनियात सुमारे १,७६,००० आशियाई होते. त्या सर्वांसमोर एकच प्रश्न उभा राहिला : ब्रिटिश पारपत्र ठेवावे, की केनियाचे घ्यावे? पुष्कळ कुटुंबांनी व्यापाऱ्याच्या हुशारीने जोखीम वाटून घेतली. एका भावाने धंदा टिकवण्यासाठी केनियाचे नागरिकत्व घेतले, दुसऱ्याने ब्रिटिश ठेवले, वडिलांनी भारताकडे दृष्टी ठेवली. एकाच ताटात जेवणारी माणसे कागदोपत्री तीन देशांची झाली. त्या वेळी ही केवळ सोय वाटली. नातवंडांचा देश, भाषा आणि सोयरीक या एका सहीने ठरणार आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

१९६७ मध्ये केनियात परदेशी नागरिकांना कामाचा परवाना सक्तीचा झाला आणि त्यांनी कोठे व कोणत्या मालाचा व्यापार करावा यावर कायद्याने बंधने आली. ब्रिटिश पारपत्रधारकांची विमाने लंडनकडे निघाली. तेव्हा ब्रिटिश संसदेने १९६८ च्या मार्चच्या आरंभी, अवघ्या काही दिवसांत, कायदा संमत करून आपल्याच पारपत्रधारकांना दार अडवले. वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना प्रवेशपत्रे मिळतील, असे ठरले. पुढे १९७३ मध्ये युरोपीय मानवी हक्क आयोगाने या वागणुकीत वर्णभेद असल्याचा आणि तो मानहानीकारक असल्याचा निष्कर्ष काढला. शेजारच्या युगांडात ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला आणि त्यांतील सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. इंग्लंडमधील लेस्टर या शहराच्या नगरपालिकेने त्या सप्टेंबरात युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे कळवले होते. लोक तरीही तेथेच गेले. कारण सोपे होते : नातेवाईक आधीपासून तेथे होते आणि मोजे-बनियनांच्या कारखान्यांत काम मिळत होते.

नैरोबीत चार नोकर बाळगणाऱ्या घरातील सून लेस्टरमध्ये कारखान्यात शिवणयंत्रावर बसली. पुरुषांपैकी कोणी गोदामात, कोणी टपाल खात्यात, कोणी पहाटे पाचला उघडणाऱ्या वर्तमानपत्रांच्या छोट्या दुकानात उभा राहिला. हालारातील पणजीप्रमाणेच या सुनेच्या कष्टांवर तिसरा संसार उभा राहिला. फरक एवढाच की, या वेळी तिला पगाराचे पाकीट मिळाले आणि घरातील तिच्या शब्दाचे वजन वाढले. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय, जोडीदाराची निवड या गोष्टी पुढे ज्या गतीने बदलल्या, त्याचे मूळ या पाकिटात शोधावे लागते. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी हे बदल 'पाश्चात्त्य संस्कारां'च्या खाती टाकतात. वस्तुतः त्यांचा आरंभ घरच्या गरजेतून झाला होता.

देवाची सोय लावण्यास वेळ लागला. भाड्याने घेतलेल्या शाळांच्या सभागृहांत पर्युषण साजरे होई. लेस्टर येथे एक जुने चर्च विकत घेऊन त्याचे जिनालय करण्यात आले आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. त्या वास्तूत श्वेतांबर मंदिर आहे, दिगंबर मंदिर आहे, स्थानकवासींसाठी उपाश्रय आहे आणि श्रीमद् राजचंद्रांच्या अनुयायांसाठी दालन आहे. या गोष्टीकडे महाराष्ट्रातील समाजाने थोडे थांबून पाहावे. ज्या पंथांचे तीर्थक्षेत्रांवरील हक्कांचे दावे मायदेशी न्यायालयांत पिढ्यानपिढ्या चालतात, ते तेथे एका छपराखाली आले. यामागे केवळ उदारता होती असे नव्हे. संख्या कमी होती, पैसा मर्यादित होता आणि थंडी सर्वांना सारखीच लागत होती. पण एकदा एकत्र आल्यावर त्या मुलांना भेदाची सवय लागली नाही. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाने सुमारे ८० एकरांची जागा घेतली आणि २००५ मध्ये तेथे मोकळ्या भूमीवर नवे देरासर उभे राहिले.

आता त्या पिढीविषयी, जिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. नैरोबीत १९५५ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा कल्पावा. घरात आजी गुजरातीत बोलते आणि त्या गुजरातीत स्वाहिली मिसळलेली आहे : पातेल्याला 'सुफरियु', केरसुणीला 'फाग्यो', शेंगदाण्याला 'जुगु'. शाळेत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजी माध्यम आलेले आहे. म्हणजे भाषेचा बदल इंग्लंडमध्ये सुरू झाला ही समजूत चुकीची. तो नैरोबीच्या शाळेत सुरू झाला होता. संध्याकाळच्या पाठशाळेत तो सूत्रे पाठ करतो. सूत्रे अर्धमागधी-प्राकृतात, त्यांचा अर्थ जुन्या गुजरातीत. त्याला बाजारापुरती गुजराती येते, अर्थ समजण्याइतकी येत नाही. इंग्रजी उत्तम येते, पण इंग्रजीत धर्माचे पुस्तक त्या पाठशाळेत नाही. चौदाव्या वर्षी तो लंडनला येतो. तेथे पाठशाळाच नाही, देरासर नाही, साधू नाहीत, आजी जामनगरला परत गेली आहे. वर्गातील मुले विचारतात, तू मांस का खात नाहीस? त्याच्याजवळ उत्तर नसते. 'आमच्यात खात नाहीत' एवढेच तो सांगू शकतो.

या पिढीतील पुष्कळांनी मांसाहार केला नाही, देणग्या दिल्या, मंदिरे बांधली. पण आपल्या मुलांना धर्म सांगता आला नाही, ही खंत त्यांच्यात सर्रास आढळते. त्यांची निष्ठा कमी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. एक भाषा हातून सुटली होती आणि दुसऱ्या भाषेत धर्म अजून पोहोचला नव्हता, त्या अवधीत ही मंडळी वाढली. भाषा बदलल्याने धर्म जात नाही, असे या समाजाचा अनुभव सांगतो. नव्या भाषेत धर्म नेण्यास उशीर झाला की एक पिढी मधल्यामध्ये सुटते, हेही तोच अनुभव सांगतो. सध्या विदेशात आणि देशातही पालकांनी लक्ष द्यावे असे काही असेल तर ते येथे आहे.

त्यांच्या मुलांनी, म्हणजे ब्रिटनमध्येच जन्मलेल्या पिढीने, निराळी वाट धरली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मार्कस बँक्स यांनी जामनगर आणि लेस्टर या दोन्ही ठिकाणच्या जैनांचा अभ्यास करून १९९२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. परंपरेने चालणारे, परंपरेत भक्तीचे व ईश्वरकल्पनेचे रंग मिसळणारे, आणि धर्म हा तर्कशुद्ध व विज्ञानाशी सुसंगत आहे असे मांडणारे, अशा तीन प्रवृत्ती त्यांना दिसल्या. तिसरी प्रवृत्ती इंग्रजी शिकलेल्या तरुणांत बळावली. मंदिराच्या विधीपेक्षा त्यांना अहिंसा, अपरिग्रह आणि अनेकांत ही तत्त्वे जवळची वाटतात. २३ ऑक्टोबर १९९० रोजी डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी लिहिलेले निसर्गविषयक जैन निवेदन बकिंगहॅम राजवाड्यात राजपुत्र फिलिप यांना सादर झाले, तेव्हा पर्यावरणाच्या भाषेत धर्म सांगण्याची एक रीतच रूढ झाली. जुन्या पिढीला यात क्रिया हरवल्याचे दुःख आहे आणि ते दुःख खोटे नाही. ज्याने कधी उपवासच केला नाही, त्याने तपाचे वैज्ञानिक फायदे सांगावेत, हे जरा विचित्रच.

पण नव्या पिढीचे काही प्रश्न जुन्यांना अडचणीत आणणारे आहेत. दूध अहिंसक कसे, असे ती मुले विचारतात. हालारातील पणजीच्या गोठ्यातील गाय नावाने ओळखली जाई आणि वासराचे पोट भरल्यावर दूध काढले जाई. कारखान्यासारख्या गोशाळांतून यंत्राने काढलेल्या दुधाला तोच न्याय लागू होतो काय? ब्रिटन-अमेरिकेतील कित्येक जैन तरुणांनी दूधतूप सोडले आहे आणि मंदिरातील पूजेत दूध वापरावे की नाही यावरही तेथे चर्चा होते. उलट बाजू अशी की, आफ्रिकेच्या आठवणीने ज्या पदार्थावर ही कुटुंबे जीव टाकतात, तो 'मोगो', म्हणजे कसावा, हा चक्क कंद आहे. आजीला कंदमूळ वर्ज्य, नातवाला दूध वर्ज्य, आणि मधल्या पिढीला दोन्ही चालते! अहिंसेचा विचार कोणाच्या ताटात अधिक आहे, हे ठरवणे सोपे नाही.

इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत धर्माच्या प्रश्नाखाली जैनांसाठी वेगळा चौकोन नाही. 'इतर' या रकान्यात नाव हाताने लिहावे लागते. २०११ मध्ये सुमारे २०,००० लोकांनी असे लिहिले, २०२१ मध्ये सुमारे २५,००० लोकांनी. त्याच दहा वर्षांत गुजराती ही आपली मुख्य भाषा असल्याचे सांगणारे सुमारे २,१३,००० वरून १,८९,००० वर आले. गुजराती बोलणाऱ्यांत हिंदू आणि मुस्लिमही आहेत, त्यामुळे या आकड्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी दिशा दिसते. हालारात हा माणूस प्रथम ओसवाल होता आणि गावाच्या नावाने ओळखला जाई. नैरोबीत तो 'आशियाई' झाला. लेस्टरमध्ये जन्मलेल्या त्याच्या पणतीला विसा-दसा हा भेद समजावून सांगावा लागतो, पण स्वतःला जैन म्हणवून घेण्यास ती कचरत नाही. जात विरली आणि धर्माचे नाव ठळक झाले. जे राहिले त्यांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. केनियात राहिलेल्या आशियाई लोकांना तेथील सरकारने २०१७ मध्ये देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. मोंबासाच्या देरासरात पूजा चालू आहे.

या हकीगतीचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा नाही. 'कंपाला' आणि 'करंजा' या नावांच्या ज्या आगबोटी पूर्व आफ्रिकेला जात, त्या मुंबईहून सुटत. हालारातील एका घरातला एक भाऊ त्या बोटीत बसला, तर दुसरा मुंबईतच राहिला किंवा भिवंडीला जाऊन यंत्रमागाच्या धंद्यात शिरला. भिवंडीत हालारी ओसवालांची मोठी वस्ती त्यातूनच झाली. त्याहूनही जुने उदाहरण सोलापूरचे. गुजरातेतून आलेले हुमड जैन तेथे स्थायिक झाले आणि मराठी त्यांच्या व्यवहाराची भाषा झाली. त्यांच्यापैकीच हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४ मध्ये 'जैन बोधक' हे पत्र सुरू केले. उद्योगपती वालचंद हिराचंद हे याच घराण्यातले. सोलापुरात छापखाना वेळेवर आला. ग्रंथ मराठीत आले, स्त्रियांसाठी श्राविकाश्रम निघाला, आणि भाषा बदलूनही मधली पिढी सुटली नाही. नैरोबीत गुजराती इतकी सुरक्षित वाटत होती की, दुसऱ्या भाषेत पुस्तक काढावे असे कोणाला वाटले नाही.

ब्रिटनमध्ये ते काम उशिरा पण नेटाने झाले. आता तेथील पुस्तकांत प्रतिक्रमणाची सूत्रे रोमन लिपीत असतात आणि समोरच्या पानावर इंग्रजी अर्थ. आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये समण श्रेणीची स्थापना केल्यापासून समणीजी विमानाने परदेशी जाऊ लागल्या आणि इंग्रजीत शिकवू लागल्या. मूळ सूत्रांचे प्राकृत आजीलाही कळत नव्हते आणि नातीलाही कळत नाही. आजीला ते पाठ होते, नातीला त्याचा अर्थ ठाऊक आहे. संवत्सरीला लेस्टरची नात आणि भिवंडीचा तिचा आतेभाऊ दूरध्वनीवर बोलतात ते इंग्रजीत, कारण तिची गुजराती तुटपुंजी आणि त्याला मराठी-हिंदीची सवय. 'मिच्छामि दुक्कडं' मात्र दोघेही तसेच म्हणतात. भिवंडीच्या मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि गुजराती अक्षरे त्याला लावून लावून वाचावी लागतात. तीच सूत्रपुस्तके आता देवनागरीतही मिळतात. त्याच्या पाठशाळेने पुढच्या वर्षी कोणती मागवायची, हे अजून ठरलेले नाही.